नवीन मशीन न घेता एसीचा खर्च उतरवणारी सर्व्हिस : आमच्या ऑफिस बिल्डिंगचा अनुभव

मी एका सात मजली ऑफिस बिल्डिंगचं फॅसिलिटीचं काम बघतो. दोन चिलर (पाणी गार करणारी मशीनं), प्रत्येक मजल्यावर दोन एएचयू (त्या पाण्याने हवा गार करून मजल्यावर सोडणारे मोठे पंखे), गच्चीवर दोन कूलिंग टॉवर (चिलरची उष्णता बाहेर टाकणारे), असा आमचा प्लांट. मागच्या काही महिन्यांत आम्ही एक सर्व्हिस घेतली, तिला रेट्रो-कमिशनिंग म्हणतात, सोप्या भाषेत सांगायचं तर आहे तोच एसी प्लांट नीट तपासायचा आणि तो मुळात जसा चालायला हवा होता तसा परत लावून द्यायचा, हे लोक मशीन विकत नाहीत. मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं आणि जे सापडलं ते सगळं विकणाऱ्यांचं होतं, ज्याने वापरलंय त्याचं एकही नाही.

आधी आमची हालत सांगतो म्हणजे बाकीचं कळेल. तक्रारी दोन्ही बाजूंनी यायच्या. चौथ्या मजल्यावर अकाउंट्समधल्या ताई भर उन्हाळ्यात शाल गुंडाळून बसायच्या आणि त्याच मजल्यावर पश्चिमेच्या काचेला लागून बसणारी मुलं दुपारी तीननंतर घामाघूम. बिल वाढलं की वरून आदेश, सेटपॉइंट (एसीला ठरवून दिलेलं टेम्परेचर) वाढवा. वाढवला की तासाभरात माझा फोन वाजायला लागायचा, मग परत खाली आणायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं आणि सगळ्यांनी मनात धरून ठेवलं होतं की वीज वाचवायची म्हणजे माणसांनी उकाडा सोसायचा.

मधे एका दुसऱ्या पार्टीला बोलावलं होतं, त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी काय केलं तर बाहेरची ताजी हवा आत घेणारे डॅम्पर (हवेच्या वाटेवरच्या झडपा) जवळजवळ बंद करून टाकले. बिल लगेच खाली आलं, येणारच, बाहेरची गरम दमट हवा गार करायचीच नाही म्हटल्यावर. पण दुपारच्या मीटिंगमध्ये लोकांची डोकी जड व्हायला लागली, पेंग यायला लागली, शेवटी कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर आणलं तर बंद मीटिंग रूममध्ये दोन हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे साधारण सव्वाचारशे असतं. माणसांच्या श्वासातून पैसे वाचवण्याचा हा प्रकार मला अजिबात पटला नाही आणि त्याच दिवशी डॅम्पर उघडायला लावले. त्यामुळे या नव्या टीमशी बोलताना माझी पहिली अट हीच होती, की आराम कमी करून दाखवलेली बचत मी बचत धरणार नाही.

टीम तिघांची. त्यातले एक वयस्कर काका होते, चाळीसेक वर्षं प्लांटरूममध्ये काढलेले, आणि सगळ्यात जास्त काम मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं. पहिले दहा दिवस त्यांनी कशालाही हात लावला नाही. जागोजागी लॉगर (आपोआप नोंदी ठेवणारी छोटी यंत्रं) बसवले, टेम्परेचर, दमटपणा, चिलरचा करंट, पाणी येतानाचं जातानाचं टेम्परेचर, आणि रात्रीसुद्धा नोंदी चालू ठेवल्या. मला वाटलं उगाच वेळ काढतायत. पण अकराव्या दिवशी काकांनी ग्राफ समोर ठेवला, रविवार, रात्रीचे दोन वाजलेत, बिल्डिंगमध्ये वॉचमन सोडून कोणी नाही आणि पाचव्या मजल्याचा एएचयू पूर्ण वेगात चालू. झालं असं होतं की कधीतरी एका सुट्टीच्या दिवशी तिथे कार्यक्रम होता, तेव्हा कोणीतरी बीएमएसमध्ये (बिल्डिंगची यंत्रणा चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) तो एएचयू हँड मोडवर टाकला आणि परत ऑटोवर घ्यायचं राहिलं. किती महिने चालला असेल कोण जाणे. असे एकूण चार निघाले. त्यासाठी एक रुपयाचंही सामान लागलं नाही.

आता अकाउंट्सच्या ताईंची गोष्ट, कारण सगळ्या प्रकरणाचं मर्म मला तिथे कळलं. काका त्यांच्या टेबलाजवळ गेले, म्हणाले ताई जरा पाय बाजूला घ्या, तर टेबलाखाली छोटा हीटर. दीड हजार वॅटचा. आणि त्या मजल्याचा थर्मोस्टॅट कुठे होता तर त्यांच्याच मागच्या खांबावर, हीटरपासून जेमतेम चार फुटांवर. म्हणजे ताईंना थंडी वाजते म्हणून हीटर चालू, हीटरच्या धगीने थर्मोस्टॅटला वाटतं मजला तापलाय, मग एसी अजून थंड हवा सोडतो, मग ताईंना अजून थंडी. दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत तापवायचं पण बिल भरत होतो आणि गार करायचं पण. त्यात कोणाचीच चूक नव्हती, बिचाऱ्या ताई तरी काय करणार. बरं मूळ थंडी का वाजत होती तर डोक्यावरच्या डिफ्युझरला (छतातल्या हवा सोडणाऱ्या जाळीला) शेजारच्या टीमने एका बाजूने पुठ्ठा लावला होता, त्यांच्या मानेवर झोत येत होता म्हणून, आणि तो सगळा झोत वळून ताईंच्या खांद्यावर.

काकांनी आधी पुठ्ठा काढला, डिफ्युझरच्या पट्ट्या अशा फिरवल्या की हवा छताला चिकटून लांब जाईल आणि मग हळूहळू खाली उतरेल, मग थर्मोस्टॅट खांबावरून काढून मधल्या भिंतीवर नेला. हे करताना अजून एक गंमत दिसली, जुन्या थर्मोस्टॅटच्या मागे वायरीसाठी पाडलेलं भोक तसंच उघडं होतं आणि त्यातून फॉल्स सीलिंगच्या वरची गरम हवा थेट सेन्सरवर येत होती. काकांनी मला तिथे बोट लावून बघायला सांगितलं, खरंच गरम फुंकर लागत होती. खोलीचं खरं टेम्परेचर २२ आणि सेन्सर दाखवतोय २४.५. नंतर सातही मजल्यांवरचे सेन्सर चेक केले, जवळपास तिसरा हिस्सा दीड-दोन डिग्रीने चुकत होता. आपण स्क्रीनवर आकडा बघून भांडत होतो आणि आकडाच खोटा होता.

आरामाबद्दल काकांनी जे समजावलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडं थांबून लिहितो. आपण सगळे टेम्परेचर टेम्परेचर करतो पण माणसाला बरं वाटतंय की नाही हे सहा गोष्टींवर ठरतं, हवेचं टेम्परेचर, आजूबाजूच्या भिंती-काचा किती तापल्यात, हवेचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीर किती कामात आहे. पश्चिमेची मुलं घामाघूम का तर त्यांच्याजवळची हवा २४ डिग्रीच होती पण तापलेली काच त्यांच्या अंगावर धग टाकत होती, तिथे हवा अजून गार करून उपयोग नव्हता. काचेला फिल्म आणि दुपारी ब्लाइंड खाली, एवढ्यावर त्यांची तक्रार बंद झाली. डेन्मार्कच्या फँगर नावाच्या संशोधकांनी १९७० च्या सुमाराला यावर गणित मांडलं, त्यात असं निघतं की सगळं अगदी मनासारखं जुळवलं तरी साधारण पाच टक्के लोक नाखूश राहतातच. हे कळल्यावर मला खूप हलकं वाटलं, कारण मी इतके दिवस शंभर टक्के लोकांना खूश करायच्या मागे होतो. आणि २०१५ मध्ये नेचर क्लायमेट चेंज या जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात दाखवलं होतं की त्या जुन्या गणितात शरीराच्या उष्णतेचा आकडा सरासरी पुरुषाचा धरलेला आहे, बायकांच्या शरीरात बसून काम करताना उष्णता त्यापेक्षा कमी तयार होते. म्हणजे ऑफिसात बायकांना जास्त थंडी वाजते ही काही नाटकं नाहीत, हे मी आमच्या मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये मुद्दाम सांगितलं.

हवेच्या वेगाचा फायदा आम्ही दोन मोठ्या हॉलमध्ये घेतला. छताचे मोठे सावकाश फिरणारे पंखे लावले आणि सेटपॉइंट २३ वरून २५.५ केला. हलती हवा असेल तर दोन-अडीच डिग्री जास्तही माणसाला तेवढंच गार वाटतं आणि पंख्याला लागणारी वीज एसीपुढे किरकोळ असते. सेटपॉइंट एका दिवसात नाही बदलला, दर आठवड्याला अर्धी डिग्री, पंखे लावल्यावरच. कोणी फोन केला नाही. जपानमध्ये २००५ पासून कूल बिझ नावाने उन्हाळ्यात ऑफिस २८ डिग्रीवर ठेवायची आणि टाय-कोट न घालता यायची मोहीम सुरू आहे, ते एवढं वर जाऊ शकतात त्यात कपड्यांचा वाटा मोठा आहे. आमच्याकडे २८ चालणार नाही, पण कोटाची सक्ती मात्र निघाली.

आता प्लांटरूम. इथे खरे मोठे पैसे दडलेले होते. आमचे दोन्ही चिलर दिवसभर अर्ध्या अर्ध्या लोडवर चालायचे आणि आम्हाला वाटायचं लोडच तेवढा आहे. चिलरमधून पाणी ७ डिग्रीने निघतं आणि मजल्यांवरची उष्णता घेऊन साधारण १२ ने परत यायला हवं. आमच्याकडे परत येत होतं साडेनऊने. म्हणजे पाणी नुसतं फेऱ्या मारून येतंय, उष्णता उचलतच नाही, आणि तेवढं पाणी फिरवायला दोन पंप, दोन चिलर लागतायत. कारणं शोधली तर मजल्यांवर लोकांनी थर्मोस्टॅट १८ वर करून ठेवलेले (१८ केल्याने लवकर गार होत नाही हो, वॉल्व्ह फक्त पूर्ण उघडा राहतो), कॉइलवर (एएचयूमधल्या गार पाण्याच्या नळ्यांवर) धुळीचा थर, आणि तीन वॉल्व्ह बंद होतच नव्हते. कॉइल धुताना मी स्वतः उभा होतो, दोन पत्र्यांमधून जे काळं पाणी निघालं ते बघून मला वाईट वाटलं, कारण एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर दर तिमाहीला तिथे टिकमार्क आहे. हे सगळं झाल्यावर परतीचं पाणी साडेअकरापर्यंत आलं आणि आता सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर एकच चिलर पुरतो.

पंख्यांचं गणित तर प्रत्येक फॅसिलिटीवाल्याने पाठ करावं. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते. वेग ८० टक्के केला तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते, वेग निम्मा केला तर साधारण आठवा हिस्सा. आमच्या एएचयूंना व्हीएफडी (पंख्याच्या मोटरचा वेग कमी-जास्त करणारे) आधीपासून होते, चांगले महागाचे, पण सगळे ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर, फिक्स करून ठेवलेले! लावून दिले, बिल घेतलं, गेले. काकांनी ते सेन्सरशी जोडले आणि हवा नेणाऱ्या डक्टमधलं प्रेशर एकाच आकड्यावर बांधलेलं होतं ते गरजेप्रमाणे खाली यायची सोय केली, हे केलं नाही तर व्हीएफडी असूनही पंख्याचा वेग म्हणावा तसा उतरत नाही.

ताज्या हवेचे डॅम्पर परत व्यवस्थित लावले, यावेळी कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवर. माणसं जास्त तर जास्त हवा, हॉल रिकामा तर कमी. हजार पीपीएमच्या खाली ठेवतोय. सातव्या मजल्याच्या डॅम्परची गंमत बघण्यासारखी होती, स्क्रीनवर १० टक्के उघडा दाखवतोय, मोटर फिरल्याचा आवाजही येतोय, पण मोटर आणि दांडा जोडणारा स्क्रू सैल झालेला, दांडा हलतच नव्हता, डॅम्पर सताड उघडा. काकांनी स्क्रू आवळला आणि दांड्याच्या टोकावर पातं ज्या दिशेला आहे त्या दिशेने पांढऱ्या मार्करने रेघ मारली, म्हणजे यापुढे कोणीही नुसतं बघून सांगेल उघडा की बंद. आता आमची पोरं प्रत्येक राउंडला ती रेघ बघतात.

एका बाबतीत त्यांनी मला अडवलं ते चांगलं केलं. चिलरच्या पाण्याचं टेम्परेचर एक डिग्री वाढवलं की कंप्रेसरची साधारण दोन-तीन टक्के वीज वाचते हे मी वाचलं होतं, मी म्हटलं सरळ १० करून टाका. ते म्हणाले नको, कॉइल पुरेशी गार नसेल तर हवेतला दमटपणा निघणार नाही आणि २४ डिग्रीतही लोकांना चिकचिक होईल. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी आखलेली यंत्रणा मुळात दमटपणा आवरायलाच होती, कागद फुगायचा आणि रंग जुळायचे नाहीत म्हणून. तर आता बाहेर कोरडं आणि लोड कमी असेल तेव्हाच पाणी ९ पर्यंत जातं, आत दमटपणा ६० टक्क्यांच्या वर जायला लागला की आपोआप खाली येतं. कूलिंग टॉवरचे बुजलेले नोझल साफ केले, कंडेन्सरच्या नळ्यांमधला क्षार काढला, त्याचं वेगळं काही लिहित नाही, सगळ्यांना माहीत असतं फक्त कोणी वेळेवर करत नाही.

आता न आवडलेलं. रिपोर्ट नव्वद पानांचा आणि असा लिहिलेला की आमच्या ऑपरेटरला त्यातलं एक पान कळलं नाही, शेवटी मी बसून त्याचं दोन पानांचं मराठीत केलं आणि प्लांटरूमच्या दारावर चिकटवलं. दुसरं, सकाळी प्लांट सुरू करायची वेळ त्यांनी एका झटक्यात पाऊण तासाने पुढे ढकलली, सोमवारी तिसऱ्या मजल्याचा कोपरा अकरापर्यंत तापलेला आणि शिव्या मी खाल्ल्या. दोन दिवस सुट्टीत तापलेली बिल्डिंग सोमवारी जास्त वेळ घेते हे त्यांच्यासारख्यांना सुचायला हवं होतं. नंतर सोमवारचं वेगळं शेड्यूल करून दिलं, तेही मी मागे लागल्यावर. तिसरं म्हणजे बीएमएसमध्ये काय काय बदललं त्याची यादी आणि जुन्या सेटिंगचा बॅकअप स्वतःहून दिला नाही, मागून घ्यावा लागला. तुम्ही अशी सर्व्हिस घेत असाल तर हे करारातच लिहून घ्या. ट्रेनिंगही एकदाच, तेही डे शिफ्टला, रात्रीचा माणूस राहून गेला आणि हँड मोडवर टाकणारा बहुतेक वेळा तोच असतो.

बचत किती टक्के ते सगळे विचारतात. मी बिलावर बिल ठेवून टक्के सांगणार नाही कारण मागच्या वर्षी याच महिन्यात दोन मजले रिकामे होते आणि हवाही वेगळी होती, तशी तुलना कोणी दाखवली तर सावध राहा. मी बघतो ते एक टन गारव्यामागे प्लांटला किती किलोवॉट लागतात ते. पाण्याने (कूलिंग टॉवरवर) थंड होणारे चांगले चिलर एकटे ०.६ च्या आसपास चालू शकतात, पंप आणि टॉवर धरून आकडा अर्थात वर जातो. आमचा पूर्ण प्लांट आधी १.२ होता, आता ०.९ च्या खाली आहे, मीटर लावलाय, रोज सकाळी रजिस्टरमध्ये लिहितो. आणि तक्रारींचं रजिस्टर पण मी तितक्याच नेमाने लिहितो, आधी आठवड्याला पंचवीस-तीस नोंदी असायच्या, मागच्या आठवड्यात चार. हे दोन आकडे एकत्र खाली आले म्हणून मी ही सर्व्हिस चांगली म्हणतोय, एकच आला असता तर म्हटलं नसतं.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालात आहे की जगभरच्या इमारतींत लागणाऱ्या विजेचा साधारण पाचवा हिस्सा एसी आणि पंख्यांवर जातो. त्यातला किती असा सैल स्क्रू आणि टेबलाखालच्या हीटरमध्ये जात असेल याचा विचार करून मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं.

पाचपैकी चार देईन, एक कापला तो रिपोर्ट आणि ट्रेनिंगसाठी. काम उन्हाळ्यात झालंय, त्यामुळे हवा पालटल्यावर त्यांची एक फेरी बाकी आहे, तेव्हा बाहेरची गार हवा थेट आत घेऊन सकाळचे काही तास चिलर बंदच ठेवता येतो का ते बघणार आहोत. तोपर्यंत अकाउंट्सच्या ताईंनी हीटर स्वतःहून स्टोअरमध्ये जमा केलाय.